हँडब्रेक ओढणारा माणूस

टॅक्सीवाले त्याला 'जपून' म्हणायचे. खरं नाव त्याच्या बिल्ल्यावर होतं, पण बिल्ला वाचतो कोण? कुणीही गाडी काढायला लागलं की हा लांबून हात वर करून ओरडणार, "जपून रे, जपून!" मग लोकांनी त्याचंच नाव जपून ठेवलं. टॅक्सी चालवून केस पांढरे झालेला माणूस इतका भित्रा असेल यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, पण होता बुवा. घराला कुलूप लावलं की ओढून बघायचा, जिना उतरायचा आणि पुन्हा वर जाऊन ओढून बघायचा. लिफ्टमध्ये तर त्याने जन्मात पाय ठेवला नाही. बायको घरी शिवणकाम करायची. ती मशीन थांबवून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "अहो, लग्न ठरलं तेव्हासुद्धा मला बाजूला घेऊन विचारत होते, नक्की ना? नक्की नसतं तर मी काय उगाच नटून बसले होते?" आणि हाच माणूस शहराच्या मधोमध, नो पार्किंगच्या पाटीखाली, रोज बेकायदा गाडी उभी करायचा. भीती वाटते म्हणून पोट थोडंच थांबतं!

ती पाटी होती मोठ्या चौकाच्या मागच्या गल्लीत. पूर्वी टॅक्सीवाल्यांना चौकातच स्टँड होता. तो काढून तिथे झाडांच्या कुंड्या मांडल्या, आणि माणसांनी कुठे जायचं ते कुणी सांगितलं नाही. मग सगळ्या टॅक्स्या या गल्लीत घुसल्या. एका बाजूच्या भिंतीला लागून टॅक्स्यांची रांग, दुसऱ्या बाजूला माल उतरवणारे टेम्पो, आणि मधून जो जाईल तो अंग चोरून जाईल. पोलिसांची क्रेन आली की सगळे पांगायचे, आणि ती वळली की पुन्हा येऊन उभे. गल्लीच्या टोकाला हॉस्पिटलचं फाटक होतं. आता तुम्ही म्हणाल, हॉस्पिटलच्या वाटेवर टॅक्स्या लावता, लाज नाही वाटत? वाटायची की. पण त्या लाजेवर त्यांनी एक तोडगा काढला होता आणि त्याचा त्यांना अभिमानसुद्धा होता.

तोडगा असा, की रांगेत गाडी लावायची ती न्यूट्रलमध्ये. चाकं सरळ, हँडब्रेक मोकळा. मालक चहाला जावो नाहीतर झोपायला, गाडी कुलूपबंद असली तरी ढकलता आली पाहिजे. गल्लीच्या तोंडाशी एक अरुंद वळण होतं आणि रांगेचं शेपूट त्या वळणात अडकलेलं असायचं. ॲम्ब्युलन्सचा भोंगा ऐकू आला की हजर असतील तेवढे टॅक्सीवाले धावायचे आणि एकेक गाडी ढकलत सगळी रांग पुढे सरकवायचे. पुढच्या दोन-तीन गाड्या फाटकासमोरच्या मोकळ्या जागेत जायच्या, वळण रिकामं व्हायचं, ॲम्ब्युलन्स निघून जायची. रांगेचा पुढारी होता अध्यक्ष. त्याला कुणी निवडून दिलं नव्हतं, पण आवाज मोठा होता. तो छाती फुगवून सांगायचा, "आपल्यामुळे आजवर एक पेशंट अडकला नाही."

पण जपूनला त्या गल्लीचा उतार दिसायचा. तसा उतार नावालाच होता, बाकी कुणाच्या लक्षातही यायचा नाही. ह्याला मात्र स्वप्नात दिसायचं, की आपली मोकळी गाडी आपोआप निघालीय, पुढे कुणाचं तरी पोर दप्तर घेऊन चाललंय, आणि आपण हाका मारतोय पण तोंडातून आवाज फुटत नाही. घामाघूम होऊन उठायचा बिचारा. म्हणून तो गुपचूप हँडब्रेक ओढायचा. कुणाला कळायचं नाही, कारण तो गाडी सोडून कधी जायचाच नाही. डबा गाडीत, पेपर गाडीत. भोंगा वाजला की सगळ्यांत आधी हा आत हात घालून ब्रेक सोडणार, आणि मग बाहेर येऊन धक्का मारणार. कुणाचं काही बिघडलं नाही, आणि याला रात्रीची झोप लागायला लागली.

त्या दिवशी भर दुपारी त्याने एका म्हाताऱ्या गृहस्थांना आणलं. त्यांचं घर त्याच गल्लीत, अगदी वरच्या मजल्यावर. रांगेत मधोमध एक जागा रिकामी होती, तिथे त्याने गाडी लावली आणि सवयीने हँडब्रेक ओढला. गृहस्थांच्या दोन बॅगा होत्या आणि हात थरथरत होते. "वर नेऊन देता का हो?" त्यांनी विचारलं. नाही म्हणणं याच्या जिभेवर नव्हतं. त्याने गाडीला कुलूप लावलं, दार ओढून बघितलं आणि बॅगा उचलल्या. गृहस्थ लिफ्टने गेले. हा दोन बॅगा घेऊन जिन्याने.

बॅगा दारात ठेवून तो खाली निघाला आणि भोंगा ऐकू आला. आधी लांबून, मग जवळून, आणि मग एकाच ठिकाणाहून. जिन्याच्या वळणावर गजांची खिडकी होती. तिच्यातून त्याने खाली पाहिलं.

ॲम्ब्युलन्स वळणावर थांबली होती. तिच्यामागे गाड्यांची रीघ लागली होती आणि सगळे हॉर्न वाजवत होते, म्हणजे तिला मागेही जाता येईना. पुढचे टॅक्सीवाले ढकलत होते. रांगेचा पुढचा भाग सरकला, पण त्याची गाडी हलेना. मागच्या सगळ्या गाड्या तिच्यामागे अडकल्या. अध्यक्ष तिच्या पाठीला खांदा लावून ओरडत होता, "कुणी ब्रेक ओढलाय हा? कोण गाढव आहे?" चौघांनी मिळून गाडी उचलायला बघितली, पण शेजारी टेम्पो उभा, सरकवणार कुठे?

"ब्रेक! ब्रेक आहे!" जपून वरून ओरडला. त्या गोंगाटात त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही. किल्ली हातात होती. गजांतून हात बाहेर काढून खाली टाकता आली असती. त्याने हात बाहेर काढलासुद्धा. मग वाटलं, गटारात पडली तर? कुणाच्या डोक्यात लागली तर? हात आत घेतला आणि तो धावत सुटला. मजल्यावर लिफ्ट उभी होती, दार उघडं होतं. तिच्यापुढून तो पळाला आणि जिन्यावरून उतरत राहिला, कठड्याला धरून, धडपडत.

तो रस्त्यावर पोचला तेव्हा काच फुटल्याचा आवाज झाला. ॲम्ब्युलन्समधून उतरलेला एक तरुण फरशीच्या तुकड्याने त्याच्या गाडीची काच फोडून आत हात घालत होता. हाताला काच लागली, रक्त आलं, त्याने बघितलंही नाही. ब्रेक सुटला. गाडी सरकली, रांग सरकली, ॲम्ब्युलन्स गेली. तो तरुण तिच्यामागे पळाला, पण जाताजाता वळून ओरडला, "कुणाची आहे गाडी? कुणाची?"

जपून गर्दीत उभा होता. किल्ली मुठीत होती.

"माहीत नाही साहेब," अध्यक्ष बोलला. "कुणीतरी लावून गेलाय." आणि तरुण गेल्यावर तो जपूनच्या कानाशी आला. "घरी जा. आज इकडे फिरकू नकोस. बोललास तर एकटा तू नाही, सगळी रांग जाईल. कळलं?"

त्याला कळलं होतं. पण पुढच्या टॅक्स्या गल्लीबाहेर निघून गेल्या होत्या, त्याची गाडी पार पुढे, फाटकासमोर जाऊन उभी होती, आणि तिच्याकडे जाताजाता त्याचे पाय हॉस्पिटलात शिरले. का शिरले, ते त्यालाही सांगता आलं नसतं. घरी जाऊन बायकोसमोर बसायची त्याला जास्त भीती वाटली असावी. आतल्या बाकावर तो अंग आक्रसून बसला आणि दाराकडे बघत राहिला.

थोड्या वेळाने तो तरुणच शेजारी येऊन बसला. हाताला पट्टी बांधलेली होती.

"काका, तुमचं कोण आहे आत?"

"आहे एक जण," जपून म्हणाला.

"माझे बाबा आहेत. हार्टचा त्रास." आणि मग त्याचा बांध फुटला. "फाटक समोर दिसत होतं हो! बाबा विचारत होते, पोचलो का? मी म्हणत होतो, पोचलो, पोचलो. हॉस्पिटलची पाटी समोर दिसतेय आणि गाडी जागची हलत नाही. मग त्यांनी विचारायचंच थांबवलं." त्याने पट्टीच्या हाताने डोळे पुसले. "सापडू दे मला तो ब्रेक लावणारा. एकदा सापडू दे."

जपूनने मान खाली घातली. किल्ली अजून मुठीतच होती, तळव्यात रुतली होती. पळून जावं असं दहादा मनात आलं, पण उठायचं बळ होतं कुठे?

नर्स बाहेर आली. "तुमच्या आई कुठे आहेत? त्यांना घेऊन या. लवकर घेऊन या."

तरुण ताडकन उठला. तो ॲम्ब्युलन्समधून आला होता, त्याची गाडी घरीच राहिली होती. "काका, इथे टॅक्सी कुठे मिळेल?"

बाहेर हवी तेवढी रांग आहे, एवढं म्हटलं असतं तर सुटला असता. शब्द ओठांवर आलेही होते. पण फाटकापाशी त्याची गाडी सगळ्यांत पुढे होती आणि तिच्यामागे बाकीच्या सगळ्या एकमेकींना खेटून कोंडलेल्या होत्या. ती निघाल्याशिवाय एकही टॅक्सी हलणार नव्हती. हे त्याच्याइतकं कुणाला माहीत?

"माझी आहे," तो म्हणाला. "चला."

तरुण त्याच्यामागून धावत बाहेर आला आणि गाडी बघून जागच्या जागी थबकला. फुटलेली काच, दारावरचं रक्त. त्याने जपूनची कॉलर धरली. "तुम्ही? तुम्ही आहात तो? तिथे बसून माझं ऐकत होतात?"

"हो," जपून म्हणाला. "मारा साहेब. पण आधी आईंना आणू."

तिकडून अध्यक्ष पळत आला. "साहेब, माझ्या गाडीत बसा!" पण त्याची गाडी पार मागे होती. तरुणाने रांगेकडे बघितलं, फाटकाकडे बघितलं आणि कॉलर सोडली. मागचं दार उघडून सीटवरच्या काचा हाताने झटकल्या आणि तो आत बसला. "चालवा."

जपूनने आरशात एकदाच बघितलं आणि पुन्हा बघायचं धाडस केलं नाही. गर्दीत जिथे फट दिसेल तिथे त्याने गाडी घातली, फुटपाथला चाक घासलं, पिवळ्या सिग्नलला थांबला नाही. सबंध आयुष्यात त्याने गाडी अशी हाकली नव्हती.

आई आधीपासूनच तयार होऊन घराच्या फाटकात उभ्या होत्या. ठेंगण्या, गोऱ्या, हातात कापडी पिशवी. गाडीत बसतानाच बोलायला लागल्या. "चष्मा घेतलाय बरं का यांचा. शुद्धीवर आले की आधी चष्मा मागतील. ही काच कशी हो फुटली?"

मागून तो तरुण म्हणाला, "आई, त्यांना गाडी चालवू दे."

"चालवू दे की, मी कुठे अडवतेय? बरं झालं बाई, वेळेवर गाडी मिळाली. कुणाचं कोण, पण देवासारखे आलात, भाऊ."

आता हा पोरगा आईला सांगणार, प्रत्येक सिग्नलला जपूनला वाटत होतं, आता सांगणार. पोरगा खिडकीबाहेर बघत होता. शेवटी जपूनलाच वाटलं, सांगून टाक रे पोरा एकदाचं.

हॉस्पिटलच्या दारात आईंना उतरवून तरुण त्यांना धरून आत घेऊन गेला. जपून गाडीतच बसून राहिला. वॉचमन हटकून गेला, इथे गाडी लावू नका म्हणून. त्याने ऐकलं, पण तो हलला नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणी हटकलं आणि हा हलला नाही.

बऱ्याच वेळाने तरुण बाहेर आला. तो खिडकीपाशी उभा राहिला. चेहरा कोरडा होता.

"आईला ओळखलं बाबांनी," तो म्हणाला. "हात धरला तिचा. चष्मा मागितला."

"मग?"

"मग गेले."

जपूनने किल्ली काढून मुठीत धरली.

"आई तुम्हाला आत बोलावतेय," तरुण म्हणाला. "तिला तुमचे आभार मानायचेत. तुमच्यामुळे शेवटची भेट झाली म्हणतेय. मी तिला काही सांगितलेलं नाही. काय सांगायचं ते तुम्ही सांगा."

तो गाडीचं दार उघडून बाजूला उभा राहिला. जपून खाली उतरला. त्याने गाडीचा आधार घेतला. मग आधार सोडला आणि तो तरुणाच्या मागून आत गेला.