मी उठून गेल्यावर

आई गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आमच्या घरचा कॉम्प्युटर घुमायला लागला. मी शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झालेली. घरबसल्या टायपिंगची कामं घेते, त्यामुळे त्याचा नेहमीचा आवाज मला पाठ आहे. हा वेगळा होता. जेवून परत यावं तर आतला पंखा जिवाच्या आकांताने फिरतोय आणि डबा चांगलाच तापलेला.

"सोलापूरचं ऊन आहे. इथं माणसं तापतात, त्याचं काय घेऊन बसलीस?" हे म्हणाले. तरी झाकण उघडून ब्रशने धूळ काढली त्यांनी. फरक नाही. व्हायरस शोधला, सापडला नाही. गंमत म्हणजे मी खुर्चीत बसून माउस हलवला की आवाज पडायचा. कुठला प्रोग्राम किती राबतोय ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडून बघावं, तर प्रोसेसर तीन-चार टक्क्यांवर, काही घडलंच नाही असा.

"तू नसलीस की चालतं त्याचं," हे हसले. मला मात्र ते पटलं.

एका दुपारी टास्क मॅनेजर उघडा ठेवला, माउसवरचा हात काढला आणि नुसती बसून राहिले. पाचेक मिनिटांनी आकडा चढला. तीस, सत्तर, शंभर. यादीत सगळ्यात वर नाव होतं फोटो ठेवायच्या प्रोग्रामचं.

मग लक्षात आलं. मामेभावाने मामांच्या पेटीतले जुने फोटो स्कॅन करून पेन ड्राइव्हवर दिले होते. आईच्या आठवणीने बघवेनात, म्हणून मी ते कॉम्प्युटरवर टाकून तसेच सोडून दिले होते. मी बघितले नाहीत, पण तो बघत होता. मी उठून गेले की एकेक चेहरा शोधून दुसऱ्या चेहऱ्यांशी ताडून पाहत होता.

प्रोग्राम उघडला. पडद्यावर दोन चौकोन आले. एकात आई, साठीतली, आमच्या गॅलरीत उभी. दुसऱ्यात आठ-नऊ वर्षांची एक मुलगी, उन्हाने डोळे बारीक केलेली. खाली प्रश्न होता : ही एकच व्यक्ती आहे का?

लग्नाआधीचा आपला एकही फोटो नाही, असं आई नेहमी सांगायची. हो म्हणायचं धाडस होईना आणि नाही म्हणवेना. हे चष्मा लावून आले आणि खुर्ची ओढून शेजारी बसले.

चेहरे शोधायचं ते काम बंद करायची सोय होती. मी केलं नाही. चौथ्या दिवशी सगळे चेहरे बघून झाले असावेत. पंखा आपोआप शांत झाला.

रविवारी त्या मुलीच्या अख्ख्या फोटोची प्रिंट घेऊन मी वळसंगला गेले. आईची धाकटी बहीण, माझी मावशी, तिथे असते. तिला काही सांगितलं नाही. फक्त विचारलं, "यातलं कोण ओळखतेस का?"

मावशीने फोटो दारातल्या उजेडात धरला. शाळेपुढे मुलामुलींच्या तीन रांगा. तिचं बोट सरकत सरकत थांबलं.

"आगं, ही आक्का की!" मी हसून मान हलवली, तशी म्हणाली, "तुला कुणी सांगितलं?"

"कॉम्प्युटरनं. तिच्या म्हातारपणच्या फोटोवरनं ओळखलं."

मावशीने फोटो डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, "आन ल्हानपणी त्यानं तिला कुटं बघितली हुती?"

मी आईच्या पोटची. पण हा फोटो आधी माझ्या हातात पडला असता, तर मी तरी ओळखलं असतं का, कोण जाणे.

आईच्या शेजारचा चेहरा हलून नुसता पांढुरका डाग झाला होता. प्रोग्रामने त्याच्याभोवती चौकोनही काढला नव्हता. मावशीने त्यावर बोट टेकवलं.

"आन ही मी. फोटूवाल्याला भ्याले हुते. लई वळवळ केली. म्हून आक्कानं मनगाट धरून ठिवलंय, बघ की."

आम्ही दोघी वाकून बघत राहिलो. धरलं होतं खरंच, चांगलं घट्ट.