व्योमवीराला लावलेलं कुंकू

आता माझ्या फजित्यांची यादी काढली तर ही एक किटली पुरायची नाही. पण व्योमवीराची तेवढी ऐकाच. चहा ओता, आणि हसायचं ते शेवटी हसा.

तेव्हा मी तेविशीचा. बेंगळुरात चिकपेटेत घर, सरकारी कचेरीत कारकुनी. पण ती पोटासाठी. खरा जीव अडकलेला कॅन्टोन्मेंटच्या फुटपाथवरून आणलेल्या जुन्या चित्रकथांत: उडणारे वीर, मंगळावरचे राक्षस, किरणांच्या बंदुका. नागराज, श्रीपती आणि मी, असं आमचं तिघांचं भक्तमंडळ. सगळ्या वीरांतलं उत्तम तेवढं वेचून आम्ही आमचा स्वतःचा एक घडवला होता. नाव व्योमवीर. ब्रीद एकच, संकटातल्या माणसाला नाही म्हणायचं नाही.

नवरात्रात आमच्याकडे पायऱ्या लावून बाहुल्या मांडतात आणि बायका घरोघरी त्या बघायला जातात. त्या वर्षी आईला लाडीगोडी लावून आम्ही पायऱ्यांशेजारी अख्खा चंद्र उभारला. राखेची जमीन, पत्र्याचं रॉकेट आणि मधोमध मातीचा व्योमवीर. संध्याकाळी मंडळाचा उत्सव. दुपारी व्योमवीर माझ्याच हातून पडून फुटला.

मग काय, मीच उभा राहिलो. निळीत बुडवलेली बनियन आणि लांब विजार, खांद्यावर आईची लाल शाल, डोळ्यांवर भोकं पाडलेली काळी पट्टी, डोक्यावर ॲल्युमिनियमचं पातेलं. आरशात बघितलं आणि, खोटं कशाला सांगू, स्वतःच्याच पाया पडावंसं वाटलं.

तेवढ्यात दारात अंबक्का.

अंबक्का म्हणजे विमलची आई. विमल मला मनापासून आवडायची. पत्रिका जुळली होती, आणि बाहुल्यांच्या निमित्तानं अंबक्का घर आणि मुलगा बघून जाणार होती. पण उद्या. ती आजच आली. मी होतो तसाच चंद्रावर गोठलो.

"अगबाई, केवढी मोठी बाहुली," अंबक्का म्हणाली. "चन्नपट्टणची काय?"

"हो, मुद्दाम करून घेतली." आईनं माझ्याकडे असं बघितलं की डोक्यावरचं पातेलं तापलं.

"कुठला देव म्हणायचा हा?"

"ग्रहांकडचा आहे. रक्षण करतो."

"सरी, सरी, बरंच झालं. आणि मुलगा कुठं?"

"कचेरीत. फार काम असतं त्याला."

आई उसळ आणायला आत गेली. अंबक्कानं माझ्या कपाळाला कुंकू लावलं. कपाळ गरम लागलं तशी ती जास्तच भाविक झाली. पदर सावरून हात जोडले आणि हळूच बोलायला लागली.

"देवा, स्वल्प ऐक माझं. विमल माझी एकुलती. या घरातला मुलगा भला आहे म्हणतात, पण दिवसभर उडत्या माणसांची पुस्तकं वाचतो. संसार कोण करणार? मला तोंडानं नाही म्हणवत, याची आई फार चांगली आहे. तूच खूण दे. विमलला दुसरीकडे देऊ का?"

आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं हो.

आता सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? दगडासारखे उभे राहिला असता, हेच ना? पण मी तेव्हा मी नव्हतोच. मी व्योमवीर होतो, आणि समोर एक आई संकटात होती.

मी गंभीरपणे मान डोलावली. पातेलं घसरून नाकावर आलं, तरी डोलावली.

अंबक्कानं जमिनीला डोकं टेकलं आणि उसळ न घेताच निघून गेली.

आई वाडगा घेऊन बाहेर आली. "काय म्हणाली रे?"

"साकडं घातलं."

"मग?"

"पावलो."

महिन्याभरात विमलचं ठरलं, तेव्हा नवंनवं वसणाऱ्या जयनगरातल्या एका इंजिनिअरशी. मी लग्नाला गेलो. अंबक्कानं आग्रहानं दुसरी चिरोटी वाढली आणि कानाशी वाकून म्हणाली, "तुमच्या घरचा तो देव फार जागृत आहे रे बाळा. जपा त्याला."

विमल सुखात आहे. इतकी वर्षं वीरांच्या कथा वाचल्या, पण उभ्या आयुष्यात मी एकाच मुलीला वाचवलं. आणि तीही माझ्याच तावडीतून.