बांबूची मिनीबस आणि जैनबभाभींची जागा

"मेस्त्री, ह्यात संडास कुठे बसवाल?"

यासीनभाईंनी माझ्या टेबलावर एक रंगीत कॅटलॉग उघडला आणि मिनीबसच्या चित्रावर बोट टेकलं. मी चहा पीत होतो. कप बाजूला ठेवला.

"संडास? गाडीत?"

"गाडीत नायतर काय टपावर? राहायचं हाय, मेस्त्री. झोपायचं, जेवायचं, सगळं गाडीतच."

हातखंब्याला हायवेलगत माझी शेड आहे. धंदा बॉडी बिल्डिंगचा. हे सांगितलं की लोक आधी माझ्या दंडाकडे बघतात आणि मग हसतात, म्हणून खुलासा करतो. कंपनीतून ट्रक येतो तो नुसता सांगाडा असतो. इंजिन, चाकं आणि दोन लांबलचक लोखंडी पट्ट्या. त्याला आम्ही चासी म्हणतो. त्यावरची केबिन, हौदा, दारं, खिडक्या हे सगळं आमच्यासारखे लोक बांधतात. तोवर मी आंब्याचे टेंपो बांधले होते, मासळीच्या गाड्या बांधल्या होत्या, एका बँडवाल्याला बसवर बाल्कनीसुद्धा काढून दिली होती. घर काही बांधलं नव्हतं. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं आणि चाकांवरचं घर ही चीज आमच्या जिल्ह्यात कुणी डोळ्यांनी बघितलेली नव्हती.

यासीनभाईंनी बघितली होती. त्यांची उभी हयात कुवेतला ट्रेलर चालवण्यात गेली. तिथली माणसं थंडीच्या दिवसांत बायकापोरांना घेऊन वाळवंटात राहायला जातात, मागे चाकांचं घर जोडून. ते बघून ह्यांनी तेव्हाच मनाशी ठरवलं होतं. आता नोकरी सुटली होती, खाडीकाठच्या आपल्या गावी कायमचे परत आले होते आणि हौस काही गप्प बसू देत नव्हती.

"भाभींना हॉटेल नाही चालत काय?" मी विचारलं.

"नाय. म्हणते, परक्या गादीवर झोप येत नाय, परक्या मोरीत आंघोळ नको. पण मला तिला देश दाखवायचाय, मेस्त्री. मुंबई बघितलीन ती विमानतळाच्या जाळीपर्यंत. मला सोडायला आणि मला आणायला. बस." मग जरा आवाज खाली करून म्हणाले, "गेल्या वर्षी अजमेरचं रिझर्वेशन केलं होतं. निघायच्या दिवशी नाय म्हणाली. ह्या वेळी पण नाय म्हणाली तर परत विचारायची माझी हिंमत नाय होणार. गाडी अशी बांधा की ती नाय म्हणता कामा नये."

घ्या! आजवर गिऱ्हाइकं मला 'पाणी गळता कामा नये' एवढंच सांगत आली होती. पण माणूस इतक्या कळवळून बोलत होता की मला नाही म्हणवेना.

कॅटलॉगात पन्नास चित्रं होती, पण खोलात गेलं तर प्रकार तीनच. पहिला म्हणजे कॅरॅव्हॅन. इंजिन नसलेली चाकांवरची खोली. जीपच्या मागे हुक लावायचा आणि ओढत न्यायची. फायदा असा की मुक्कामी पोचलं की खोली सोडून जीप घेऊन गावात भटकता येतं. दुसरा, मोटरहोम. आख्खी मिनीबस घ्यायची आणि सीटा काढून आत बेड, किचन, संडास, सगळा संसार मांडायचा. तिसरा म्हणजे लहान व्हॅन. मागे घडीची गादी, सामानाला कप्पे, आणि टप थोडं वर उचलता येतं. आत उभं राहून डोकं आपटत नाही, इतकंच तिचं कौतुक.

यासीनभाईंचा जीव मिनीबसवर जडला होता. खरं सांगायचं तर माझाही. असलं काम रोज कुठे येतं? मी त्याच दिवशी किचन कुठे, बेड कुठे, खिडक्या किती, सगळं खडूने शेडच्या जमिनीवर फुल साइज आखून टाकलं. यासीनभाई त्या रेघांमधून चप्पल काढून हिंडले!

"पण ही उभी कुठे करणार?" मी विचारलं.

"घराच्या दारात. हायवेवर ठेवून घरी चालत जाऊ काय?"

म्हणून त्यांच्या गावी रस्ता बघायला गेलो आणि डोक्याला हात लावला. रस्ता कसला, दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे आणि मधून एसटी जेमतेम जाईल एवढी वाट. गडगा म्हणजे चुन्याशिवाय नुसते दगड रचून केलेली कुंपणाची भिंत. धक्का लागला की पडते आणि पडली की भांडण. त्यात विहिरीपाशी एसटीचा रस्ता सोडून घराकडे जायचं त्याहून अरुंद वळण, तिथे फणसाचं झाड वाटेवर ओणवलेलं. मी टेप काढली, मोजलं, परत मोजलं. यासीनभाई म्हणायचे वळेल, मी म्हणायचो नाही वळणार. शेवटी मी म्हटलं, कागदावर कुठलीही गाडी कुठेही वळते. आपण खरी वळवून बघू.

आमच्या धंद्यात नवीन बॉडीचा अंदाज घ्यायला आम्ही कधीकधी बांबूचा सांगाडा बांधतो. पुढच्या रविवारी मी शेडवरची चार माणसं आणि एक टेंपोभर बांबू घेऊन गावात हजर झालो. सुंभाने तीन गाड्यांचे सांगाडे बांधले. मिनीबस, जीप आणि तिच्या मागे कॅरॅव्हॅन, आणि लहान व्हॅन. गाव गोळा झालं.

"मांडव कुणाकडे हाय?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"मांडव नाय, चाचा. गाडी हाय."

"हां, हां. डिझेलवर की पेट्रोलवर?"

जैनबभाभी दारात उभ्या होत्या. डोक्यावरून पदर, हातात सुकी कोळंबी पाखडायचं सूप. ठेंगणी, तुरतुरीत बाई. नवरा तिकडे असताना घर, आंब्याची कलमं आणि तीन मुलींची लग्नं एकटीने पार पाडलेली. मला म्हणाल्या, "मेस्त्री, चा घेऊन जावा. ह्यांचं खूळ काय लवकर उतरायचं नाय."

"भाभी, तुम्हालाही गाडीत बसायचंय," मी म्हटलं.

"मला? बांबूत?"

आधी मिनीबस. माझी चार आणि गावातली चार, असे आठ जण बांबू खांद्यावर घेऊन उभे राहिले. पुढे यासीनभाई, हातात स्टिअरिंग म्हणून पितळी परात. भाभींना मी अगदी मागे नेलं. "तुमची जागा ही. इथे ओटा, इथे बेड, आणि ही मोरी. पडदा ओढला की राणीचा महाल." भाभी सूप शेजारणीकडे देऊन मागे उभ्या राहिल्या.

वरात निघाली. यासीनभाई मोठ्या खुशीत होते. परात फिरवत काहीतरी दाखवत होते, बोलत होते. मागून भाभी ओरडल्या, "काय बोललात?"

"अगं, म्हटलं, समज हा उदयपूरचा तलाव!"

"काय?"

"उदयपूर!"

मधल्या बांबूवाल्याने निरोप पोचवला. "भाभी, उदयपूर म्हणतायत." भाभी चालता चालता थांबल्या. त्या थांबल्या म्हणून मागचे थांबले, मागचे थांबले म्हणून आख्खी मिनीबस थांबली.

"मेस्त्री, कुवेतवरनं फोन यायचा ना, तेव्हा ह्यापेक्षा बरं ऐकू यायचं."

सगळे खो खो हसले. यासीनभाईही हसले, पण थोडे उशिरा. विहिरीच्या वळणावर मिनीबसचं मागचं टोक गडग्यावर चढलं ते चढलंच. मागच्या चाकाच्याही मागे जी बॉडी लोंबते तिला आम्ही ओव्हरहँग म्हणतो. वळताना ती बाहेर फेकली जाते. ती तशी फेकली गेली आणि भाभी सरळ बांबूखालून वाकून बाहेर आल्या आणि फणसाखाली जाऊन बसल्या.

मग कॅरॅव्हॅन. जीपचा सांगाडा पुढे, दोरखंडाच्या हुकाने मागे खोलीचा. चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये माणसं बसवायची नसतात, धोका असतो. म्हणून भाभींना पुढे यासीनभाईंच्या शेजारी घेतलं. हे बरं चाललं. वळण काढून एसटीच्या रस्त्याला लागलो. यासीनभाईंची कॉलर ताठ! "मेस्त्री, मी आयुष्यभर ट्रेलरच चालवला हाय, काय समजलात?"

एवढ्यात समोरून गावची एसटी आली. ड्रायव्हर गमत्या निघाला. बांबू बघून ब्रेक मारलान, डोकं बाहेर काढलान आणि जोरात हॉर्न दिलान.

"अहो, बाजूला घेतो," मी म्हटलं.

"बाजूला कसली? गाडी हाय ना? मग घ्या रिव्हर्स!"

एसटीतली माणसं खिडक्यांतून बाहेर लोंबली. आता ट्रेलर रिव्हर्स घेणं म्हणजे काय ते सांगतो. स्टिअरिंग डावीकडे वळवलं की मागची खोली उजवीकडे जाते. यासीनभाईंना ते झोपेतसुद्धा जमलं असतं, पण बांबू धरलेल्या आठ जणांना नव्हतं जमत. यासीनभाई ओरडतात "डावीकडे", चौघे डावीकडे, चौघे उजवीकडे, दोरखंड पिळवटला, खोली जीपला आडवी आली आणि दोन जण बांबूसकट गटारात. एसटीचा कंडक्टर टाळ्या वाजवत होता.

यासीनभाईंनी परात खाली ठेवली. "कुवेतला रिव्हर्स घ्यायला मैलभर मोकळं वाळवंट असायचं," ते म्हणाले. "इथे दर कोपऱ्यावर एसटी हाय."

राहिली लहान व्हॅन. चार माणसांना उचलता येईल एवढीच. वळणावरून अलगद गेली, फणसाखालून गेली, थेट घराच्या पायरीशी जाऊन टेकली. पण यासीनभाईंचं तोंड उतरलेलं. व्हॅनच्या आत बघत म्हणाले, "ह्यात काय मावणार? हिची शेगडी कुठे, हिची भांडी कुठे, मोरी कुठे?"

"शेगडी कुणाला पाहिजे?" भाभी म्हणाल्या.

"म्हणजे?"

"मी इतकी वर्षं चुलीसमोर काढली. आता देश बघायला जायचं ते पण ओटा बरोबर घेऊन? ह्यांनी मला विचारलंनी तरी का?"

"अगं पण तुला हॉटेल नको, परकी गादी नको..."

"गादी माझी घेईन की. मोरीला ताडपत्री बांधू." भाभी मग नवऱ्याकडे न बघता माझ्याकडे बघून बोलल्या, पण बोलणं कुणासाठी होतं ते सगळ्यांना कळलं. "अजमेरला मी हॉटेलच्या नावाने नाय म्हटलं. तिकीट हातात आलं तर ह्यांची सीट एका डब्यात, माझी दुसऱ्या डब्यात. हे म्हणाले, रिझर्वेशन मिळालं हेच नशीब. मला रडू आलं, मेस्त्री. इतकी वर्षं एका घरात नाय राहिलो, आणि फिरायला पण दोन डब्यांतनं जायचं? त्यापेक्षा मी माझ्या घरात बरी."

बांबू धरलेली माणसं बांबू धरूनच उभी राहिली. मी आयुष्यात एवढ्या गाड्यांच्या सीटा बसवल्या, पण सीट ह्या वस्तूचा असा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

"मग ह्या गाडीतनं येशील?" यासीनभाईंनी विचारलं. आवाज अगदी बारीक.

भाभी बांबूच्या सांगाड्यात पुढे डावीकडे जाऊन उभ्या राहिल्या, नसलेल्या खिडकीवर कोपर टेकवलं आणि मला विचारलं, "मेस्त्री, इथली काच पूर्ण खाली जाईल ना? मला वारा लागला पाहिजे."

माझा जीव भांड्यात पडला. यासीनभाईंनी खिशातला रुमाल काढून नाक शिंकरलं आणि "धूळ फार हाय हो रस्त्याला" म्हणाले. रस्ता आदल्या दिवशीच्या पावसाने ओलागच्च होता.

व्हॅन मी पावसाळ्यात बांधली. मागे घडीची गादी, खाली कपड्यांचे कप्पे, दाराला ताडपत्रीची मोरी अडकवायला कड्या. पुढच्या दोन्ही सीटा मी लगत घेतल्या. मधला गिअरचा दांडा आड यायचा, तो मुद्दाम कंपनीकडून वेगळा मागवून स्टिअरिंगखाली घेतला. आमच्या शेडवर तेवढा वेळ कुठल्याच सीटवर गेला नव्हता. भाभी दोनदा येऊन बसून बघून गेल्या. दिवाळी झाल्यावर दोघं निघाली.

परतली ती थंडी संपताना. एका सकाळी व्हॅन शेडसमोर येऊन थांबली. दोघंही काळवंडलेली, पण अशी ताजीतवानी की मी आधी ओळखलंच नाही. भाभी उतरल्या त्या बोलतच. वाळवंटात उंटाने म्हणे त्यांची ओढणी खाल्ली, आणि कन्याकुमारीला समुद्र बघून ह्यांनी विचारलं कसा आहे तर त्या म्हणाल्या, आपल्यासारखाच.

यासीनभाईंनी मला कोपरापाशी धरून बाजूला घेतलं. डॅशबोर्डवर मी हौसेने, माझ्यातर्फे भेट म्हणून, एक टेप बसवून दिला होता. बरोबर चांगल्या कॅसेटींचा डबा.

"मेस्त्री, तेवढा टेप काढून घ्या. कुणाच्या तरी टेंपोला लावा."

"का? बिघडला?"

"बिघडेल कसा? एकदा पण लावला नाय." ते मागे वळून भाभींकडे बघत हसले. "मधे बोलायला जागाच मिळाली नाय त्याला."

मी टेप काढून घेतला. त्यानंतर फिरायच्या गाडीसाठी जो कोणी माझ्याकडे आला, त्याने कॅटलॉग उघडायच्या आधी मी त्याला एकच विचारतो, पुढे तुमच्या शेजारी कोण बसणार? लांबी, रुंदी, संडास, सगळं मागाहून. काही जण लगेच उत्तर देतात. काही जण विचार करतो म्हणून जातात आणि परत येत नाहीत. मिनीबसची दोन चांगली कामं माझ्या हातची अशी गेली. जाऊ देत.