एकशे सतरावी ओळ

आमच्या गावाचं चर्च शेवगावच्या रस्त्याला लागून आहे. काळ्या दगडाचं, पत्र्याच्या छपराचं. आत गेलं की उजव्या भिंतीवर एक पितळी पाटी दिसते. तिच्यावर मिशनच्या एका गोऱ्या मडमेचं नाव आहे आणि खाली इंग्रजीत असं लिहिलंय की तिनं या भागातल्या अंधारात बसलेल्या बायकांना उजेडात आणलं. त्या बायकांमध्ये माझी पणजी होती. घरात जे ऐकत आलो त्यावरून सांगतो, ती कुठं बसलेली वगैरे नव्हती. ती डोक्यावर दगड वाहत होती, याच भिंतींसाठी. पण पाटी लिहिणाऱ्याला ती बसलेली दिसली. आता त्याला काय करणार?

ही पाटी माझ्या आईनं आयुष्यभर घासली. दर शनिवारी दुपारी शेतातून आली की चिंचेचा कोळ आणि चुलीतली राख घेऊन ती चर्चमध्ये जायची. तिला इंग्रजी सोडा, मराठीही जेमतेम वाचता यायचं. पण पाटीवरचं एकेक अक्षर तिच्या बोटांना पाठ होतं. तिच्या घासण्यानं काही अक्षरं इतकी झिजली होती की मडमेचं नाव वाचायला पाटीच्या अगदी जवळ जावं लागायचं. मी त्यावरून तिला चिडवायचो, अजून दहा वर्षं घास, मग मडम पुरती पुसली जाईल. ती हसायची आणि जास्तच जोरानं घासायची.

चर्चची किल्ली आमच्या घरात असायची आणि दफनाची वहीसुद्धा. वडील गवंडीकाम करायचे, पण मिशनच्या शाळेत शिकल्यामुळं त्यांचं अक्षर छापल्यासारखं होतं. पाळकसाहेबांकडं बारा गावं, ते महिन्यातून एकदा यायचे. त्यामुळं वहीत नोंद वडील करायचे आणि सही पाळकसाहेब. अनुक्रमांक, नाव, वय, नवऱ्याचं किंवा बापाचं नाव, मरणाचं कारण, पुरल्याची तारीख. मयत कुणीही असो, एकच ओळ. पहिल्याच पानावर ती मडमसुद्धा आहे, तिलाही एकच ओळ, आणि तिच्या खालच्या ओळीत तिच्या घरी पाणी भरणारी बाई.

हे वडिलांनी एकदा आईला दाखवलं होतं. त्या शनिवारी पाटी घासून ती घरी आली आणि हात धुता धुता म्हणाली, "तिचं नाव मी घासती. माझं कुठं लिवत्याल?"

वडिलांनी पेटीतून वही काढली, पहिलं पान उघडलं आणि तिचं बोट धरून त्या दोन ओळींवर ठेवलं. म्हणाले, "पितळ तिला. वळ समद्यांना एकच. तुझीबी हितंच."

आईला ते फार आवडलं. पुढं कुणाशी भांडण झालं की ती ठसक्यात सांगायची, जा जा, माझी वळ ठरल्याली हाय. तिनं आयुष्यात स्वतःसाठी मागितलेली ही एवढीच गोष्ट, आणि ती तिला मिळू नये याची तजवीज मी केली.

का केली ते सांगायला हवं. आमच्या वस्तीत प्रत्येकाची दोन नावं होती, एक शाळेच्या दाखल्यावरचं, एक चर्चमधलं. दाखल्यावर आम्ही आमच्या जुन्या जातीचे होतो. सवलती त्या जातीला होत्या, पण ख्रिस्ती झालं की कायद्याच्या लेखी ती जात सुटते. गावाच्या लेखी मात्र ती सुटत नाही. विहिरीवर आम्ही जुन्याच जातीचे आणि कचेरीत तेवढे नव्या धर्माचे. बाप्तिस्मा घेतला म्हणून न्हाव्यानं माझ्या आजोबांच्या डोक्याला हात लावला होता असं मी तरी ऐकलेलं नाही. मी दाखल्यावर सरकारी नोकरी मिळवली. ते खोटं होतं असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. खोटं पुढं आहे.

नोकरी लागून काही वर्षं झाली आणि कुणीतरी माझ्याविरुद्ध निनावी अर्ज केला, हा माणूस ख्रिस्ती आहे म्हणून. अर्जातला तपशील इतका घरचा होता की तो बाहेरच्यानं केला नव्हता हे उघड होतं. ज्याची स्वतःची दोन नावं होती अशाच कुणीतरी माझं दुसरं नाव कळवलं होतं. आपल्या माणसांविषयी माझ्या मनात जी अढी बसली ती तिथून. चौकशी लागली, आणि नेमकं त्याच महिन्यात आई गेली. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत खेळ संपला.

आईला चर्चच्या कबरस्तानात पुरलं. सगळी वस्ती आली होती, पाळकसाहेब आले होते, गाणी झाली. घरी परत आल्यावर वडिलांनी पेटी उघडली, वही काढली, चष्मा लावला. मी दार लावून घेतलं आणि म्हणालो, दादा, नका लिहू.

जुन्या नोंदींत आडनावं नसायची, नुसतं नाव आणि गाव. आडनाव लिहायची शिस्त वडिलांनीच लावली होती. त्यामुळं आमच्या घराचं आडनाव त्या वहीत पहिल्यांदा येणार होतं ते आईच्या नावापुढं. बाप्तिस्म्याच्या वह्या वाळवीनं कधीच खाल्ल्या होत्या, पुरावा म्हणून उरली होती ती एवढी एकच वही, आणि कचेरीतली माणसं ती बघायला येणार होती. मी हे सगळं वडिलांना समजावून सांगितलं, हिशोबी माणसासारखं, मुद्देसूद. आईला माती देऊन तीन तास झाले नव्हते.

वडिलांनी वही उघडली. मग मीच तडजोड सुचवली, आडनाव गाळा, नवऱ्याचं नाव गाळा, नुसतं तिचं नाव लिहा.

"अर्दी वळ न्हाई लिवनार," ते म्हणाले. "ती मानूस हुती. लिवीन तर पुरी लिवीन."

मग नंतर लिहा, मी म्हणालो, माझ्या दाखल्याची पडताळणी होऊ द्या. त्यांनी पेन उचललं, अनुक्रमांकाच्या रकान्यात एकशे सतरा हा आकडा घातला आणि पुढची सगळी ओळ कोरी ठेवून वही मिटली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

कचेरीची माणसं आली, पाळकसाहेबांनी वही दाखवली, त्यांनी पानं चाळली, आमचं आडनाव कुठं दिसलं नाही. माझी पडताळणी झाली. वडिलांनी विचारलं, आता लिवू? मी म्हणालो, एवढं प्रमोशन होऊ द्या. प्रमोशन झालं तर मुलाचं कॉलेज आलं. माझ्या कागदावर मुलाचा कागद उभा राहणार होता, म्हणून आणखी थांबा म्हणालो. दरम्यान दुसरी माणसं मरत होती आणि वडील एकशे अठरा, एकशे एकोणीस असं लिहीत चालले होते. दरवेळी त्या कोऱ्या ओळीवरून त्यांचा हात जात असणार. पुढं पुढं त्यांनी मला विचारणं सोडून दिलं. शेवटी शेवटी ते माझ्याकडं नगरला, सावेडीत राहायला आले तेव्हा वही चर्चच्या कपाटात गेली. ते नगरलाच वारले आणि शहरातच त्यांना पुरलं. आईशेजारची जागा त्यांनी बांधून ठेवली होती, ती मोकळी राहिली. तेही माझ्याच सोयीनं, गावच्या वहीत नोंद नको म्हणून.

गेल्या वर्षी चर्चच्या कमिटीनं ठरवलं की वर्धापनदिनाला वहीतली सगळी नावं ग्रॅनाइटच्या फलकावर कोरायची. पितळी पाटीच्या शेजारीच, पण तिच्यापेक्षा मोठा. कल्पना चांगली होती हे मला मान्य करावं लागतं. दगड वाहणाऱ्यांची नावं अखेर भिंतीवर येणार होती. कमिटीचा सेक्रेटरी माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, आमच्याच वस्तीतला, आईच्या हातची भाकर खाऊन वाढलेला. तो मुद्दाम मोटारसायकलवर सावेडीला आला. चहा घेतला, मोबाईलमध्ये काढलेला वहीच्या पानाचा फोटो माझ्यापुढं धरला आणि आडवळणं न घेता बोलला.

"काका, ही एकशे सतरा कोरी हाय. कुनाची हाय ते मला ठावं हाय. तुमी नुसतं व्हय म्हना, मी नाव घालतो."

आत माझी नात अभ्यास करत होती. मुलाची मुलगी. तिचा पडताळणीचा अर्ज त्याच आठवड्यात कचेरीत गेला होता. माझ्या कागदावर मुलाचा आणि मुलाच्या कागदावर तिचा. एक वीट हलली तर सगळी भिंत खाली.

तो समजूतदार. म्हणाला, आडनाव नको तर राहू द्या, नुसतं नाव घालू. वडिलांपुढं मी केलेली तडजोड आता तो माझ्यापुढं ठेवत होता. पण गावात त्या नावाची दुसरी बाई नव्हती. ज्यानं माझ्याविरुद्ध अर्ज केला होता त्याला, किंवा त्याच्या पोराला, आडनावाची गरज पडली नसती. फलकाचे फोटो त्याच दिवशी सगळ्या ग्रुपवर फिरणार होते.

मी म्हणालो, "दादांची नजर चुकली असेल. आकडा पडला, नाव राहिलं. म्हातारपणी व्हायचं तसं त्यांचं."

सेक्रेटरीनं मोबाईल खिशात टाकला. ज्या माणसानं सगळ्या हयातीत एका मात्रेची चूक केली नाही, त्याच्या माथी मी चूक मारली, आणि भिंतीवरच्या त्याच्याच फोटोखाली बसून मारली. "बरं," एवढंच म्हणून तो उठला. जाताना त्यानं माझ्या पाया पडायचं टाळलं. नेहमी पडायचा.

वर्धापनदिनाला मी जाणार नव्हतो. नातीनं हट्ट धरला, तिला गाव बघायचं होतं. आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. फोटो निघाले की मी मान खाली घालत होतो, ती सवय आता अंगात मुरली आहे. उपासना झाल्यावर पडदा सरकवला आणि पाळकसाहेब फलकावरची नावं आकड्यासह वाचू लागले. ज्या घराचं नाव येईल त्या घरानं उभं राहायचं. म्हातारे काठी टेकत उठत होते, सुनांनी डोक्यावर पदर घेतले होते, कुणाकुणाचे डोळे भरले होते. माझे भरले नाहीत. माझं लक्ष आकड्यांवर होतं.

एकशे सोळा झालं.

"एकशे सतरा," पाळकसाहेब म्हणाले आणि त्यांनी नाव वाचलं. आईनंतर महिन्याभरानं गेलेल्या शेजारणीचं. समोरून तिची दोन मुलं आणि नातवंडं उभी राहिली. कोरी ओळ फलकावर वाईट दिसली असती, म्हणून कमिटीनं खालचे सगळे आकडे एकेकानं वर सरकवले होते. आता मध्ये काहीच मोकळं नव्हतं. वडिलांनी मरेपर्यंत राखून ठेवलेली तेवढी जागाही बुजली होती, आणि तीही माझ्याच शब्दावर. कमिटीला दोष कशाला द्यायचा? चूक झाली होती असं मीच सांगितलं होतं.

बाहेर जेवणाच्या पंगती बसल्या. नात फलकासमोर रेंगाळत राहिली. मग माझ्याकडं आली आणि विचारलं, "आजोबा, यात आपलं कुणीच नाही?"

मी नाही म्हणालो. बिनआडनावाच्या जुन्या ओळींत माझे आजोबा होते, त्यांचं नाव आलं तेव्हाही मी उठलो नव्हतो.

ती म्हणाली, फॉर्मसाठी मी वंशावळ भरली, बाबांचं नाव, तुमचं, पणजोबांचं. पणजीचं नाव कुणी विचारलंच नाही. काय होतं?

आजूबाजूला माणसं होती. सेक्रेटरी पंगतीत पाणी वाढत होता आणि तो ऐकतोय हे मला दिसत होतं. घरी गेल्यावर सांगतो, मी म्हणालो. तो पाण्याची बादली घेऊन पुढच्या पंगतीकडं गेला. मी पितळी पाटीकडं गेलो. ती आता कुणी घासत नाही. काळी पडली आहे, हिरवट थर चढला आहे, आणि तरी मडमेचं नाव वाचता येतं.

त्यानंतर नातीचा दाखला आला, तिला प्रवेश मिळाला, आम्ही पेढे वाटले. तिनं पुन्हा विचारलं नाही. मी आपण होऊन सांगितलं नाही. दरवेळी ती सुटीला घरी येते तेव्हा ठरवतो, आणि दरवेळी मनात येतं की उद्या तिलाही मुलं होतील. मी रिटायर झालो, पेन्शन खातो, माझं आता कोण काय करणार आहे, असं मी स्वतःलाच विचारतो. पण भित्रा माणूस रिटायर होत नाही.

म्हणून हे लिहायला बसलो. वाटलं, वहीत नाही, दगडावर नाही, निदान कागदावर तरी आईची एक ओळ पुरी करावी. कितीदा तरी तिचं नाव पेनाच्या टोकाशी आलं. आता पहिल्यापासून वाचून पाहिलं. सगळं लिहिलंय, चिंचेचा कोळ लिहिलाय, राख लिहिली आहे. नाव लिहिलेलं नाही.