बुटांच्या रॅकवरची फाइल

काकूंनी माझी निळी फाइल दोन बोटांनी उचलली. अंगठा आणि तर्जनी. मेलेला उंदीर उचलतात तशी. सरस्वतीसमोरच्या ढिगातून ती काढली, दारापर्यंत नेली आणि बुटांच्या रॅकवर ठेवली. वरच्या खणात, पाहुण्यांच्या बुटांशेजारी. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुझी इथे सेफ राहील हं. जाताना विसरू नकोस."

काय आवाज होता तो. मध. मला अजून हुबेहूब काढता येतो. चार माणसं जमली की मी हा प्रसंग उभी राहून करून दाखवते. दोन बोटं, तिरकी मान, 'सेफ राहील हं'. लोक पोट धरून हसतात. मीही हसते. मग मला जेवण जात नाही.

नीट सांगते.

गाव नॉटिंगहॅम, इंग्लंडातलं. दोन हजार सालानंतरची पहिली वर्षं. मी पंधरा वर्षांची. आई नर्स. नागपूरहून भरती होऊन इथल्या हॉस्पिटलात आली आणि मला बरोबर घेऊन आली. बाबा नोकरीसाठी नागपुरातच राहिले. मी शाळेत दाखल झाले ती वर्षाच्या मधेच, मोडकंतोडकं इंग्रजी घेऊन. गणिताच्या बाईंनी मला खालच्या पेपरात टाकलं.

तेव्हा इथल्या दहावीला गणिताचे तीन पेपर असत. वरचा, मधला, खालचा. कुणी कुठला द्यायचा ते शाळा ठरवणार. खालच्या पेपरात सगळं बरोबर लिहिलं तरी ग्रेड डी. त्याच्या वर काही नाहीच. बाई मला हे फार सावकाश समजावत होत्या, हातवारे करत. मला पहिल्या वाक्यात कळलं होतं. द्यायच्या आधीच निकाल लागलेला पेपर आमच्या लोकांना कुणी समजावून सांगावा लागत नाही.

मला फार्मसी करायची होती. डी घेऊन फार्मसी होत नाही. बाई म्हणाल्या, डिसेंबरच्या मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, चांगले मार्क पाड, मधल्या पेपरात घालीन. म्हणजे एकच संधी. एकच दार.

त्या दाराची किल्ली डॉक्टरकाकांकडे होती. काका मूळचे पुण्याचे, इथे स्वतःचा दवाखाना. दर रविवारी त्यांच्या घरी माझ्यासकट सहा मराठी मुलं अभ्यासाला जमत. काचेच्या खोलीत लांब टेबल. काकांकडे मागच्या वर्षांच्या पेपरांची चळत होती आणि त्यांच्या मार्क स्कीम, म्हणजे तपासनीस कुठल्या शब्दाला मार्क देतो आणि कुठल्याला नाही त्याच्या याद्या. ते पेपर वेळ लावून सोडवायचे, एकमेकांचे तपासायचे. सोन्याची खाण होती ती. कबूल करते.

पद्धत अशी की प्रत्येकाने एका विषयाच्या नोट्स काढायच्या. काकू दवाखाना सांभाळत. त्या तिथल्या मशीनवर सगळ्यांसाठी प्रती काढत. केमिस्ट्री माझ्याकडे आली. आणि मी काय नोट्स काढल्या. तीन रंगांची पेनं. प्रत्येक धड्याखाली दहा सरावाचे प्रश्न, माझ्या मनाने तयार केलेले. काका एकदा पानं चाळून म्हणाले, "हिच्या नोट्स म्हणजे छापील पुस्तक." मी दोन दिवस तरंगत होते.

आता गंमत बघा. त्या घरात जाण्यासाठी मला आणखी एक परीक्षा होती आणि तिची तयारी आई करून घ्यायची. बसस्टॉपवर. आई विचारायची, मी उत्तर द्यायचे.

"गणपती किती दिवसांचा?"

"दीड."

दीडच का, तर पाच म्हटलं की पुढचे प्रश्न वाढतात. आईने हे पुण्याच्या नर्सिंग हॉस्टेलात स्वतः नापास होऊन शिकलं होतं. आडनाव सांगितल्यावर 'म्हणजे कोण?' असं आलं तर 'वऱ्हाडातले' म्हणायचं आणि लगेच पाणी मागायचं. कुलदैवत माहूरची रेणुका. दसऱ्याला नागपुरात काय करायचात? सोनं वाटायचो. खरं तर दसऱ्याला आमचं अख्खं घर पांढरे कपडे घालून दीक्षाभूमीवर असायचं. लाखो माणसं. मी बाबांच्या खांद्यावर. आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस, आणि त्याचं उत्तर मी 'सोनं वाटायचो' असं पाठ करत होते.

मला लिहिल्याशिवाय काही पाठ होत नाही. म्हणून मी ते लिहून काढलं. प्रश्न आणि खाली उत्तर, अगदी नोट्ससारखं. कोरा कागद वाया घालवायची आमच्यात सवय नव्हती. केमिस्ट्रीच्या एका पानाची मागची बाजू मोकळी होती. पुढच्या बाजूला धातूंची क्रमवारी, कुठला धातू कुणाला जागेवरून हुसकावतो ते. मागच्या बाजूला आम्ही.

तुम्ही ओळखलंच असेल. मी ती पानं प्रती काढायला दिली. काकू काटकसरी. मशीनवर दोन्ही बाजू.

पुढच्या रविवारी पानं वाटली गेली. सहाही मुलांच्या हातात. काकांची मुलगी सई माझ्याच वयाची, इथेच जन्मलेली. तिला मराठी वाचता यायचं नाही. ती उलटसुलट करून बघत होती. मग ते पान घेऊन आईकडे गेली.

"मम्मी, हे पण एक्झाममध्ये येणार आहे का?"

काकूंनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "गणपती किती दिवसांचा. उत्तर, दीड." त्यांना आधी वाटलं काहीतरी विनोद आहे. हसल्यासुद्धा. तिसऱ्या उत्तरापर्यंत त्यांचा आवाज बारीक झाला. चौथं मनातल्या मनात वाचलं. पानाची घडी घातली, चौपदरी, आणि म्हणाल्या, "बरं. चला, पेपर सोडवा."

मी पेपर सोडवला. चाळीसपैकी एकोणचाळीस. कुणी काही बोललं नाही. आईला मी काही सांगितलं नाही. मला वाटलं, संपलं.

पुढच्या रविवारी दसरा. इथे सगळे सण रविवारी येतात. काकूंनी पुण्याहून आणलेल्या पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढली होती. पाटीपुढे सगळ्यांच्या फाइली रचायच्या, पूजा करायची, तासभर पुस्तकाला हात लावायचा नाही आणि मग पेढा. मीही माझी फाइल ठेवली. मग ती दोन बोटं आली.

मी रॅकजवळ उभी होते. खरं सांगते, मी काहीच करणार नव्हते. मॉक सहा आठवड्यांवर आली होती. पेढा खायचा आणि पेपर सोडवायला बसायचं एवढंच ठरवलं होतं. तेवढ्यात काकूंनी फाइली उघडून ठेवल्या आणि वरच्या पानांवर हळदकुंकू वाहायला सुरुवात केली. मी बघितलं. पाच फाइली. पाचही फाइलींत सगळ्यात वर केमिस्ट्री. माझं अक्षर. माझे बाण, माझे चौकोन. त्यावर हळद, त्यावर कुंकू, त्यावर अक्षता. सगळे हात जोडून उभे. आणि मूळ प्रत बुटांपाशी.

"काकू, त्यात माझी पानं आहेत."

"असू दे गं. ती आमच्या मशीनवर काढलेली आहेत."

मला हसू फुटलं. देवाशप्पथ सांगते, म्हणजे आमच्यात देवाची शपथ नसते, पण सांगते. एवढं मोठं हसू आलं की पोरं दचकली. मशीनमधून गेलं की शुद्ध. हिरवा दिवा, एक करकर, झालं. आमच्या आज्याला हे माहीत असतं तर तो स्वतःच त्या काचेवर जाऊन झोपला असता.

हसून झाल्यावर मी पुढे गेले आणि पहिल्या फाइलची क्लिप उघडली.

"हात नको लावूस. पूजा झालीय," काकू म्हणाल्या. आता मध नव्हता.

मी पानं काढली. दुसरी फाइल. तिसरी. सईची आली तेव्हा तिने स्वतः क्लिप उघडून पानं माझ्याकडे दिली. "मम्मी, ते नोट्स तिचाच आहे ना?" काकूंनी तिच्याकडे बघितलं. तिने रिकामी क्लिप परत बंद केली.

मग काका उठले. शांत माणूस. पेशंटशी बोलावं तसं बोलले. "बेटा, बी प्रॅक्टिकल. मॉक तोंडावर आलीय. पेपर माझ्याकडे आहेत. तू आत्ता बसलीस तर मी विषय इथेच सोडतो. कुणी पुन्हा काही विचारणार नाही."

यात सगळं होतं. मधला पेपर होता, फार्मसी होती, सगळं काही. फक्त खाली बसायचं होतं.

मी म्हटलं, "आम्ही बौद्ध आहोत. आमच्याकडे गणपती बसत नाही. दीड दिवससुद्धा नाही."

फाइल घेतली, कोट घेतला, निघाले.

इथे टाळ्या पडतात. मी सांगते तेव्हा दर वेळी इथे टाळ्या पडतात आणि मला दर वेळी थांबवावं लागतं, कारण पुढचं कुणाला ऐकायचं नसतं.

पुढचं असं. आई कामावरून आली. मी सगळं सांगितलं. ती बूट काढता काढता थांबली. एक बूट पायात, एक हातात. म्हणाली, "काहून केलं तू असं? एक फाइल बाहेर ठेवली तर मरत होती का तू? मी वीस वर्षं नाही राहिले बाहेर?" मग ती रडली. माझ्यासाठी नाही. तिने एवढी मेहनत घेऊन पाठ करून घेतलेलं मी एका वाक्यात घालवलं म्हणून.

शाळेच्या लायब्ररीत दोन जुने पेपर मिळाले. मार्क स्कीम नाही. आपलं उत्तर बरोबर की चूक, सांगणारं कुणी नाही. मॉकमध्ये मी तीन मार्कांनी हुकले. बाई म्हणाल्या, सॉरी, पण तू खूप प्रयत्न केलास. उन्हाळ्यात खालचा पेपर दिला. सोपा होता. मी वेळेच्या अर्धा तास आधी संपवला, तीनदा तपासला. डी.

आणि काकूंच्या दवाखान्यात नोट्सचा आणखी एक संच होता. सोमवारी त्यांनी परत पाच प्रती काढल्या. हे मला सईनेच नंतर बसमध्ये सांगितलं, खाली मान घालून. केमिस्ट्रीत त्या पाचही जणांना ए मिळाला. पुढल्या वर्षीच्या मुलांनाही त्याच नोट्स दिल्या. धातूंच्या क्रमवारीची मागची बाजू तेवढी कोरी.

मी आज एका औषधाच्या दुकानात काउंटरवर असते. बाटली मी देते, सही आतला माणूस करतो. नंतर केव्हातरी गणितात सी काढला, पण तोवर घराला माझा पगार लागत होता. आई अजून म्हणते, बसली असतीस तर. मी तिला खोटं ठरवू शकत नाही. बसले असते तर कदाचित आतली सही माझी असती.

माझी मुलगी यंदा इयर इलेव्हनला, म्हणजे त्याच परीक्षेच्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात एका मराठी बाईंचा फोन आला. आयटीतलं कुटुंब, नुकतं लंडनजवळच्या मेडनहेडहून इकडे आलेलं. रविवारी मुलं एकत्र अभ्यास करतात, तिला पाठवाल का? फार गोड बोलत होत्या. मग म्हणाल्या, "तुमचं मूळ गाव कुठलं म्हणालात?" मी गाव सांगितलं आणि त्याच दमात सांगितलं, आम्ही बौद्ध. पलीकडून आधी 'अच्छा, अच्छा' आलं. मग, "बरं, कळवते हं."

कळवलं नाही.

मी मुलीला सगळं सांगितलं. फोन कुणाचा होता, मी काय बोलले, त्या काय बोलल्या. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग मी कुठे बसून अभ्यास करू?"

मला माहीत नाही. तिलाही मी तेच म्हटलं, मला माहीत नाही. कदाचित तिचंही तीन मार्कांनी हुकेल. पण कुणाच्या टेबलावर जागा मिळावी म्हणून मी तिच्याकडून आपलं नाव लपवायचं पाठ करून घेणार नाही. एकदाही नाही. याची किंमत मला माहीत आहे. तिलाही सांगून ठेवली आहे.