आप्पांची भाकरी पंजाबला जाते

मी आज चार लोकांत मास्तर म्हणून वावरतो, त्याचं श्रेय आईवडिलांच्या खालोखाल एकाच माणसाचं: न्हावऱ्यातले आमचे शेजारी, आप्पा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढं गेलं नव्हतं. "ह्याला मेंढरामागं धाडलं तर मेंढरं हरवत्याल, त्यापरीस कॉलेजात घाला," असं वडिलांना पटवून शिरूरच्या कॉलेजात माझं नाव घातलं ते त्यांनीच. पण आप्पांची खरी कीर्ती वेगळीच आहे. साऱ्या शिरूर तालुक्यात, आणि मला वाटतं साऱ्या देशात, त्यांच्याइतक्या दुखवट्याच्या भेटी दिलेला दुसरा माणूस नसेल. आणि त्यातल्या निम्म्याअधिक घरांना आप्पा ओळखतसुद्धा नव्हते.

आमच्याकडची रीत अशी की ज्या घरातलं माणूस गेलं तिथं चूल पेटत नाही, म्हणून शेजारीपाजारी पिठलं-भाकरी घेऊन जातात. आप्पा या रीतीला इतके पक्के की शेजारच्या निमोण्यात कुणाला नुसता ठसका लागला तरी न्हावऱ्यात आप्पांच्या घरच्या काकू पीठ मळायला बसतात, असं गाव म्हणायचं. त्यांचा एक पुतण्या पलटणीत होता. त्याला भेटायला आप्पा पंजाबात गेले, तेव्हा त्यानं त्यांना जालियनवाला बाग दाखवली. भिंतीतल्या गोळ्यांच्या खुणा आणि ती विहीर बघून आप्पा परत आले ते आठ दिवस ओसरीवरनं उठलेच नाहीत. लोकांना वाटलं, ऊन बाधलं. शेवटी बोलले ते एवढंच, "येवढी माणसं गेली, आन् मी तिथं काही न नेता जाऊन आलो. शोभतं का?"

काकू म्हणाल्या, "आवं, ऐंशी वर्सं व्हत आली त्यास्नी. त्यांच्या घरच्या चुली कवाच पेटल्या."

"पेटल्या असत्याल. पर आपण गेलतो का?"

काकूंनी पिठाचा डबा काढला. पिठलं मनमाडच्या पुढं टिकणार नाही, यावर घरात रीतसर चर्चा झाली आणि शेंगदाण्याची चटणी ठरली. बाजरीच्या भाकरी धडप्यात बांधून आप्पा एसटीनं दौंडला गेले आणि पंजाबकडं जाणाऱ्या गाडीत बसले. शेजारच्या प्रवाशानं विचारलं, "कुठं निघालात?" आप्पा म्हणाले, "दुखवट्याला." "अरेरे! कधी गेले?" "इंग्रजाच्या टायमाला." तो प्रवासी हळूच बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला सरकला.

बागेच्या दारात पहारेकऱ्यानं गाठोडं अडवलं. "अंदर खाना मना है." आप्पा म्हणाले, "हम किधर खाता है? ये उनका है." "किनका?" आप्पांनी आतल्या भिंतीकडं बोट केलं. पहारेकरी म्हातारा सरदारजी होता. त्यानं थोडा वेळ भिंतीकडं पाहिलं, मग आप्पांकडं, आणि गाठोडं सोडायला लावलं. प्रवासात भाकरी पाटीसारखी कडक झाली होती, पण गड्यानं दोन खाल्ल्या आणि चटणी मागून घेतली. आप्पा धन्य झाले. गावात येऊन सांगायचे, "घरच्या माणसानं खाल्लं. रीत झाली."

तिथून पुढं त्यांना नादच लागला. मी बी.ए. झालो त्या वर्षी ते मला बक्षीस म्हणून भोपाळला घेऊन गेले. दुसऱ्यांचे आप्पा पोरांना घड्याळ देतात. तिथं गॅसनं मेलेल्यांच्या आठवणीसाठी आईचा आणि लेकराचा पुतळा उभा आहे. एक कुटुंब त्याच्यासमोर हसत फोटो काढत होतं. आप्पा दोन्ही हात जोडून त्यांच्या आणि कॅमेऱ्याच्या बरोबर मध्ये जाऊन उभे राहिले आणि सावकाश म्हणाले, "दात झाका की." त्यांना मराठी कळलं नाही, पण दात झाकले. निघताना मी सवयीनं तिथल्या चहावालीला "चला, येतो," म्हणालो, तर बरगडीत कोपर बसलं. "सुतकाच्या दारातनं निघताना 'येतो' म्हणत्यात व्हय रं? पदवी वापस कर."

असा हा माणूस लातूरकडं मात्र कधी गेला नाही. तिकडच्या भूकंपात एक गाव पडलं, आणि त्या गावात आप्पांची धाकटी बहीण सोना दिलेली होती. ती, तिचा नवरा, लेकरं, सगळं घर गेलं. गेलेल्यांची नावं कोरलेला दगड तिथं उभा राहिला. स्टँडवर लोक डिवचायचे, "आप्पा, पंजाबाला गाडी जाती, लातूरला जात न्हाई व्हय?" आप्पा कधी कांदा काढायचा म्हणत, कधी गाय व्यायला झाली म्हणत. ती एकच गाय वर्षातनं चारदा व्यायची. मला लातूर जिल्ह्यात नोकरी लागली तेव्हा मीही आग्रह केला. आप्पा बराच वेळ टोपी झटकत राहिले. मग म्हणाले, "दुसऱ्याच्या दारात भाकरी घिऊन जाता येतं रं. तिथं मी काय म्हणून जाऊ? तिथं सुतक माझंच हाय."

आता त्यांचे गुडघे धरलेत. आणखी दोन-तीन वर्षांनी एसटीची पायरीसुद्धा चढवणार नाही. म्हणून गेल्या आठवड्यात मी त्यांना पत्र टाकलं.

"तीर्थस्वरूप आप्पांना सा. न. वि. वि.

रविवारी मी त्या दगडापाशी जाऊन आलो. सोनाआत्यांचं नाव आहे, नीट वाचता येतं. मी उभा होतो तेव्हा एका आजींनी विचारलं, तुम्ही कुणाचे? मी म्हटलं, सोनाच्या माहेरच्या गावचा. त्यांनी माझा हात धरला तो सोडलाच नाही. त्या आत्यांच्या शेजारच्या. नव्या वसाहतीत घरी नेऊन त्यांनी मला जेवू घातलं. म्हणाल्या, सगळ्यांच्या माहेरची येऊन गेली, हिचंच कुणी आलं नाही. ताट वाढायचं राहिलंय आमचं. मी म्हटलं, भाऊ आहेत, पण काय घेऊन यावं ते त्यांना समजत नाही.

पुढच्या शनिवारी मी तुम्हाला न्यायला येतोय. गाय व्यायली तर काकू बघतील. आजींनी निरोप दिलाय तो त्यांच्याच शब्दांत लिहितो: भावाला म्हणावं, हात हलवत या."