उपासाचे सहा किलो

माझा धाकटा भाऊ मिलिसाव बस चालवतो आणि मी त्याला जेवायला घालते. आम्ही दोघं आपापलं काम चोख करतो, म्हणून तर एवढा घोळ झाला.

आधी माणूस कसा आहे ते सांगते. वय सत्तावन्न, डोक्यावर केस नाहीत, पण मिशा दोघांना वाटून उरतील एवढ्या. तीस वर्षं एकच रस्ता: मोराव्हा नदीकाठच्या आमच्या गावापासून वर डोंगरातल्या ग्रादिनापर्यंत. सकाळी दोन खेपा, दुपारी दोन. वाटेतल्या कुठल्या म्हातारीच्या गोळ्या कधी संपतात हे त्याला पाठ. दुकानातून आणतो, बस उभी करतो आणि फाटकाशी जाऊन हातात देतो. मागचे प्रवासी बोंब मारतात, "अरे, ही बस आहे की दवाखाना?" हा म्हणतो, "घाई असेल तर उतरा आणि ढकला." लग्न केलं नाही. माझ्या वरच्या मजल्यावर राहतो, आणि दिवसातून तीनदा जिना उतरून माझ्या टेबलाशी येतो.

नोव्हेंबरात ड्रायव्हरांची वार्षिक तपासणी होती. आमच्या डॉक्टरीणबाई ल्युबिंका. दोन वेण्या घालून शाळेत जायची तेव्हापासून मी तिला ओळखते, म्हणून मला तिचं फारसं खरं वाटत नाही. मिलिसाव भरला एकशे अठरा किलो, रक्तातली साखरही वर. ती म्हणाली, "पाच जानेवारीला परत या. आठ किलो उतरवा, साखर आवाक्यात आणा. नाहीतर मी सही करणार नाही, आणि सही नाही तर बस नाही."

घरी येऊन तो कोटासकट टेबलाशी बसला. म्हणाला, "ताई, मला आगाराच्या फाटकावर बसवतील गं. दांडी वर, दांडी खाली. दिवसभर."

इतक्या हळू बोलला की मी घाबरलेच. आणि मी घाबरले की मला राग येतो.

"रडतोस काय मेल्या? अठ्ठावीस तारखेला आपल्या नाताळचा उपास लागतोय, थेट सहा जानेवारीपर्यंत. मांस बंद, दूध बंद, चीज बंद, अंडं बंद. मग चरबी येणार कुठून, आभाळातून? आपली आई दरवर्षी धरायची. काडीसारखी होती!"

"आई दिवसभर शेतात राबायची, ताई."

"तू दिवसभर एवढी मोठी बस चालवतोस ना? ते काय झोपून?"

त्याला पटलं. मला तर पटलेलंच होतं.

आता मी काय काय केलं ते ऐका, आणि यात काय चूक होतं ते मला त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला लाटणंच दाखवलं असतं. सकाळी पाव आणि आलुबुखाराचा मुरंबा, कारण आलुबुखार म्हणजे फळ. दुपारी कांदा घालून भाजलेला राजमा. त्यात तेल होतं, पण सूर्यफुलाचं. फुलाच्या रसानं कोण जाड झालंय? सोबत पाव, कारण पाव म्हणजे काही जेवण नव्हे, पावाबरोबर जेवतात ते जेवण. संध्याकाळी भोपळ्याची पोळी, थरांवर थर. अक्रोडाची वडी, ताकदीसाठी. चहात साखर नाही, मध. मध मधमाशी करते, कारखाना करत नाही. आणि जेवणाआधी घरी गाळलेल्या रकियाचा, म्हणजे फळांच्या दारूचा, एक बुटका ग्लास, कारण ती आतली चरबी जाळते. काडी लावून बघा, निळी ज्योत येते. मग पोटात काय करत असेल?

मिलिसावनं स्वतःच्या डोक्यानंही एक भर घातली. आगारातल्या कुणीतरी सांगितलं, घाम म्हणजे वितळलेली चरबी. झालं! यानं पोटाला स्वयंपाकघरातलं प्लास्टिक गुंडाळलं, वर दोन स्वेटर चढवले, आणि बसमधला हीटर शेवटपर्यंत फिरवून ठेवला. बाहेर बर्फ, आत भट्टी. माणसं लालबुंद झाली, पण खिडकी उघडायची कुणाची छाती नाही! आमच्याकडे लांडगा परवडला, पण मानेवरून गेलेला वाऱ्याचा झोत नको. एका बाईनं नेलेली ट्राउट मासळी ग्रादिनाला पोचेपर्यंत अर्धी शिजली होती म्हणे. संध्याकाळी आगारातल्या काट्यावर हा दोन किलो कमी भरला. आनंदानं तसाच घरी आला, तीन लिटर पाणी आणि लोणच्याचा खार प्याला, आणि ते दोन किलो सकाळपर्यंत घरी परतले.

आणि मग आला संत निकोलाचा दिवस. अर्ध्या गावाचा कुलसंत निकोला. त्या दिवशी कुणी कुणाला बोलावत नाही; दार उघडं असतं, तुम्ही जायचं असतं. नाही गेलात तर वर्षभर तुमच्याशी कुणी धड बोलत नाही. सण उपासातच येतो, म्हणून टेबलावर सगळं उपासाचं: तळलेला कार्प, बटाट्याची भाजी, भरल्या मिरच्या, लोणी न घातलेले पण बाकी सगळं घातलेले केक. मिलिसावच्या रस्त्यावर अशी नऊ घरं. पाचव्या घरातून त्यानं मला फोन केला.

"ताई, पोटाला तडस लागलीय. परत येऊ का?"

"आणि उरलेल्या चौघांनी काय घोडं मारलंय तुझं? उपासाचंच आहे, खा!"

पाच जानेवारीला मी त्याच्यासोबत गेले. कौतुक ऐकायला, दुसरं काय. मिलिसाव काट्यावर चढला. ल्युबिंकानं आकडा पाहिला, काटा हलवला, परत पाहिला.

"एकशे चोवीस."

"काटा बिघडलाय," मी म्हणाले.

तिनं मला काट्यावर उभं केलं. आकड्याचं जाऊ द्या. काटा ठीक होता.

"काय खाल्लं?" तिनं विचारलं. मिलिसाव म्हणाला, "उपास होता. राजमा, पाव वगैरे." आता हा मुलखाचा विसरभोळा! मला राहवेना. भोपळ्याची पोळी राहिली की रे! अक्रोडाची वडी? तिळाचा हलवा? मी एकेक पदार्थ बोटांवर मोजून सांगत गेले, कृतीसकट. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ल्युबिंकानं पेन खाली ठेवलं.

"मावशी, हा उपास होता की लग्न?"

"यात चरबीचा थेंब नव्हता!"

"कपभर तेल, पाव, साखर, मध, दारू. मांस नाही म्हणजे पोट मोजत नाही, असं थोडंच आहे? साखर तर आणखी वर गेलीय. मी सही नाही करू शकत. तीन महिने बस बंद. एप्रिलात बघू."

मी तोंड उघडलं. मिलिसावनं माझ्या दंडावर हात ठेवला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "आगारात काटा आहे, ताई. दुसऱ्या आठवड्यातच समजलं मला, वाढतंय."

"मग बोलला का नाहीस गाढवा?"

"भावजी गेल्यावर तीन वर्षं तू पाकिटातलं सूप गरम करत होतीस. मलाही तेच, स्वतःलाही तेच. आणि या उपासात सकाळी खालून पीठ मळल्याचा आवाज यायचा. तू गुणगुणत होतीस. ते ऐकून मी कसा म्हणू, नको?"

ल्युबिंका खिडकीकडे बघायला लागली. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला. तीस वर्षांचा रस्ता माझ्या ताटापायी गेला होता या माणसाचा, आणि हा माझीच समजूत काढत होता.

"कागद दे," मी ल्युबिंकाला म्हणाले. "काय रांधायचं ते लिही. आणि नीट लिही, डॉक्टरांची अक्षरं मला वाचता येत नाहीत."

"लिहिते. आणि रोज चालायला हवं. दोघांनीही."

"मी कशाला? मी काही बस चालवत नाही."

तिनं नुसतं काट्याकडे बघितलं.

बाहेर बर्फ पडत होता. थांब्यावर आम्ही उभे, आणि समोरून ग्रादिनाची बस आली. त्याची बस. आत कुणी पंचविशीतला नवा पोरगा. त्यानं दार उघडलं. मिलिसावनं पायरीवर पाय ठेवला, आणि मी त्याचा कोट धरून मागे ओढला.

"उतर. घरी चालत जायचं."

"चार किलोमीटर आहे, ताई. तुझे गुडघे?"

"माझे गुडघे माझं बघतील. चल म्हणते ना!"

बस निघाली. सगळ्या काचा बंद, काचांमागे सगळ्या म्हाताऱ्या, आणि सगळ्यांचे चेहरे मागे वळलेले. मिलिसाव रस्त्यात उभा राहून वळणापर्यंत तिच्याकडे बघत होता. मी त्याला घाई केली नाही. मग त्यानं आपला दंड पुढे केला, मी तो धरला, आणि दोनशे पावलांत माझा श्वास संपला.

"थांबूया का?" त्यानं विचारलं.

"गप चाल," मी म्हणाले. "एप्रिल लांब नाही."